नारळ कुणाच्या नावाने

नवघरच्या चाळीत आमची खोली सगळ्यात शेवटची. तिला एकच खिडकी, आणि ती उघडली की समोर गाळ्याची भिंत. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे असे गाळे पुष्कळ आहेत. बाबा त्यांतल्याच एका गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर होते. सकाळी गोरे जायचे आणि संध्याकाळी काळे होऊन यायचे. नाकात, कानात, नखांत ती बारीक पूड. त्यांच्या हातून निघालेल्या ताटात माणसाला आपलं तोंड दिसायचं. आमच्या घरातली ताटं मात्र रिजेक्ट मालातली. एकाला पोचा, एकाला चरा. आई घरी बसून इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवायची. गोंदाच्या वासाने तिचं डोकं चढायचं, मग ती कपाळाला फडकं घट्ट बांधून तेच काम पुढे चालू ठेवायची. माझा पाय वाढून तिच्याएवढा झाला त्या वर्षी आम्हा दोघींत एकच चप्पल होती. सकाळी ती माझ्याबरोबर शाळेत जायची, संध्याकाळी आईबरोबर बाजारात.

हे रडगाणं नाही. सगळी चाळच आमच्यासारखी होती. पण चाळीतल्या गरिबातल्या गरीब घराकडे एक गोष्ट होती, जी आमच्याकडे नव्हती. आम्हाला कुलदैवत नव्हतं.

म्हणजे असणार. प्रत्येक घराण्याला असतं. पण आमचं कोणतं, हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं. बाबा अगदी लहान असताना त्यांचे आईवडील गेले. मामाने घाटावरच्या गावातून त्यांना इकडे आणलं, आणि पुढे तो मामाही गेला. बाबांना गावाचं नाव ठाऊक होतं. एक नदी आठवायची. शाळेच्या कौलांवर चढून बसणारी माकडं आठवायची. देव आठवायचा नाही. "काहीतरी पिवळं पिवळं होतं," एवढंच ते म्हणायचे. भंडारा असेल, झेंडू असेल, नाहीतर नुसतं ऊन असेल.

आईचं माहेर कोकणातलं. तिथे देवांना काय तोटा! त्यांच्या गावाची देवी सोमजाई. कातळाच्या कडेला झाडीत तिचं छोटं देऊळ, आत शेंदूर नाही, सोनं नाही, नुसता एक उभा काळा दगड आणि त्याला नेसवलेली हिरवी साडी. लहानपणी देवळाची पायरी झाडायचं काम आईकडे होतं. आमच्या घरात दुपारी खडे चिकटवता चिकटवता ती मला त्या पायरीबद्दल सांगायची. पायरीवर सकाळी कशी गार ओल असते, सुरंगीची फुलं कशी पडलेली असतात, झाडताना ती बाजूला करून ठेवायची आणि शेवटी देवीला वाहायची. बोलता बोलता तिचा हात हवेतच थांबायचा, चिमट्यात खडा तसाच चमकत राहायचा. मला वाटायचं, आई आत्ता इथे नाही. हाक मारली तर लांबून ओ देईल.

लग्न झालं की बाईचा देव बदलतो. माहेरच्या देवीची ओटी भरायला जाता येतं, पण ते पाहुणीसारखं. घरचा नारळ सासरच्या कुलदैवताच्या नावाने. आई सोमजाईला मागे ठेवून आली आणि इथे येऊन बघते तर पुढे कुणीच नाही. सणाला नारळ फोडायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं, देवाचं नाव घेऊन घरादाराचं बरं मागायचं, अशी तिच्या माहेरची रीत. आमच्याकडे ती नारळ दोन्ही हातांत धरून उभी राहायची, डोळे मिटायची, आणि ओठ हलायचेच नाहीत. मग एकदम फटकन नारळ फोडून टाकायची.

चाळीची मालकीण जुन्या नवघर गावातली म्हातारी होती. सगळी चाळ तिला आये म्हणायची. एका दसऱ्याला ती दारात उभी राहून हे बघत होती.

"नाव का न्हाय घेतलास गं?"

"माहीत नाही आये. ह्यांच्या घरचा देव कुणालाच माहीत नाही."

"देव म्हायत न्हाय म्हंजे? देवाला तर म्हायत हाय ना, तुमी कोन ते?"

"त्याला माहीत असून काय उपयोग? हाक मारायला नाव नको?"

आयेने कमरेचा बटवा सोडला, त्यातून एक अख्खी सुपारी काढली आणि आईच्या हातावर ठेवली. "ही घे. पूजेला भटजी काय करतं? जो देव घरान न्हाय त्याची सुपारी मांडतं. तू बी मांड. नाव गावलं का मंग सांग तिला."

अशी ती सुपारी आमच्या कोनाड्यात आली. पितळेच्या वाटीत तांदूळ, तांदळावर सुपारी, सुपारीला हळदीकुंकू. दरवर्षी घट बसायच्या दिवशी नवी सुपारी ठेवायची आणि जुनी पाण्यात सोडायची.

मी त्या सुपारीसमोर मोठी झाले. दुपारी आईचा डोळा लागला की मी कोनाड्यासमोर पालथी पडून तिच्याकडे बघत राहायची. गाळ्यातल्या मशीनची घरघर भिंतीतून यायची आणि तांदळाचे दाणे हलतायत असं वाटायचं. आत कोण असेल? मिशा असलेला देव, का हातात त्रिशूळ घेतलेली देवी? मी एकदा फुटलेली सुपारी पाहिली होती, आत तपकिरी-पांढरी नागमोडी नक्षी असते. मला खात्री होती की आमच्या सुपारीच्या आत नक्षी नसणार, चेहरा असणार. कधीकधी स्वप्नात ती दाराएवढी व्हायची. मी आत जायची, त्या नागमोडी वाटांनी फिरत राहायची, आणि प्रत्येक वळणाच्या पुढे कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं.

जुनी सुपारी सोडायला बाबा मुर्ध्याच्या खाडीवर न्यायचे. सायकलच्या दांडीवर मी, माझ्या मुठीत सुपारी. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला आलं की वस्ती विरळ होत जायची, मग मिठागरं लागायची. पाण्याचे चौकोन, त्यांत आभाळ, मध्ये मिठाच्या पांढऱ्या राशी, आणि बगळे इतके स्थिर की तेही मिठाचेच वाटायचे. उन्हात सगळंच थरथरायचं. खाडीच्या कडेला बाबा चप्पल काढायचे आणि मला म्हणायचे, "सोड." वर्षभरात किडून हलकी झालेली सुपारी बुडायची नाही. ओहोटीबरोबर डुलत डुलत जायची. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचो. "बाबा, ती कुठे जाते?" "जिथली असेल तिथे," ते म्हणायचे. काळी पूड धुऊन काढलेला त्यांचा चेहरा सुट्टीच्या दिवशी मला अनोळखी वाटायचा. वाटायचं, हे असं गप्प बघतायत म्हणजे मागचं सगळं त्यांना आठवतंय, सांगत नाहीत फक्त.

माहेरी मात्र आईला सुखाने बसू देत नसत. मामी स्वभावाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. मे महिन्यात आम्ही गेलो की पंगतीत, सगळ्यांसमोर, वाढता वाढता विचारायची, "काय वन्सं, यंदा नारळ कुणाच्या नावाने फोडलात? सुपारीच्याच का?" बायका पदरात हसायच्या. "देवा-धर्माला ठिकाण नाही अशा घरात दिली हो आमच्या वन्संना. आता ह्या पोरीचं लग्न ठरवताना काय सांगणार? कुलदैवत अडकित्त्याखालचं?" आई आमटी भुरकत राहायची. परतताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसायची आणि सोमजाईच्या झाडीकडून गाडी वळली की खिडकीतूनच हात जोडायची, चोरून, जणू दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडतेय.

चाळीत मात्र देवांची कमी नव्हती. आमच्याकडे ते आपापले येत गेले. शेजारच्या खोलीतल्या गुजराती बेननी अंबाजीची तसबीर दिली. नाक्यावरचा भाजीवाला भैया गावी जाताना हनुमान ठेवून गेला, "भाभी, इनको सँभालना, महिने भर में आता हूँ," आणि परत आलाच नाही. वाण्याच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी, खालच्या तारखा कापून. बाबांच्या गाळ्याच्या शेठने दिवाळीला दिलेली चांदीच्या मुलाम्याच्या मूर्तींची जोडी. पिंपळाच्या पारावर कुणीतरी सोडून दिलेला ओलाकच्च शंकर आईने पदराने पुसून घरी आणला. गणपती तर मोजायचेच सोडून दिले. "दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं?" हे आईचं उत्तर. बाबा म्हणायचे, "देवांना राहायला जागा आहे, आपण पाय दुमडून झोपू." कोनाड्यात, फळीवर, पिठाच्या डब्यावर, सगळीकडे देव. आणि मधोमध, सगळ्यांत लहान, बिननावाची ती सुपारी.

मी कॉलेजात गेले तेव्हा ठरवलं की आपण आपला देव निवडायचा. कुलदैवत माहीत नसलं म्हणून काय झालं, इष्टदेव तर ज्याचा त्याने निवडायचा असतो. मैत्रिणीबरोबर सोमवार धरले, ते उपासाच्या चिवड्यापर्यंतच टिकले. परीक्षेच्या दिवसांत गणपती, निकालाच्या दिवसांत हनुमान. सगळे चांगलेच होते. पण हॉलमध्ये पेपर हातात आला की डोळ्यांपुढे तांदळाची वाटीच यायची. शेवटी मी निवडणं सोडलं आणि अभ्यास केला.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे. घराणं म्हणते खरं, पण ते मागे कुठवर जातं तेच ठाऊक नव्हतं. बाबांच्या मागे धुकं होतं. त्या धुक्यात माझ्याआधी कुणी बी.कॉम. झालेलं असेलही. मला तसं वाटत नाही. निकाल लागला त्या दिवशी आईने नारळ आणला. कॉलेजचा कागद सुपारीसमोर ठेवला, नारळ हातात धरला, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "जो कोण असशील त्याने ऐक. पोरगी ग्रॅज्युएट झाली." आणि फोडला. नारळ हातात धरून तिने तोंड उघडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नोकरी लागली, काही वर्षं गेली, आणि मीरा रोडला आम्ही वन बीएचके घेतला. अकरावा मजला. खिडकीतून एका बाजूला मेट्रोचे खांब, दुसऱ्या बाजूला इमारतींच्या फटीतून खारफुटी आणि तिच्यापलीकडे पाण्याची एक चंदेरी रेघ. मी सागवानी देव्हारा घेतला, छोटासाच, कारण भिंतच तेवढी होती. वास्तुशांतीचा दिवस ठरला आणि मग खरी पंचाईत झाली. एवढे देव त्यात बसणार कसे?

मदतीला आलेल्या बेननी फळीकडे बघून कपाळाला हात लावला. "अरे बाप रे! इतने गणपती? एक घर में तीन नहीं रखते, और तुम लोगोंने तो पूरी सोसायटी बसाई है।"

"आप ही बोलो, किसको निकालूँ?" आई म्हणाली.

"पहले कुलदेवी बीच में रखो। फिर बाकी सब अपने आप सेट हो जायेंगे।"

आईने हातातला गणपती परत फळीवर ठेवला. पण त्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. मला कारण कळत होतं. वास्तुशांतीला गुरुजी संकल्प सोडताना गोत्र विचारणार. गोत्र माहीत नसेल तर काश्यप सांगतात, त्याची सोय आहे. मग कुलदैवत विचारणार. त्याची सोय नाही. समोर कोकणातून आलेलं सगळं माहेर बसलेलं असणार, मामी पहिल्या रांगेत. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देव्हाऱ्यासमोर आई पुन्हा ओठ मिटून उभी राहणार.

मला ते चालणार नव्हतं. एवढं शिकले ते कशाला? बाबांच्या गावाच्या नावाने शोधाशोध केली. गावातल्या मुंबईकर मंडळींचा व्हॉट्सअॅप ग्रुप सापडला. त्यावर बाबांच्या वडिलांचं नाव टाकलं आणि उत्तर आलं की ह्या घरातले एक तात्या हयात आहेत. बाबांचे चुलत चुलते. सध्या वसईला नातवाकडे. मी फोन केला तर पलीकडून खणखणीत आवाज आला, "आरं तिच्या! त्यो पोरगा जित्ता हाय व्हय?"

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी तात्या आले. धोतर, टोपी, तोंडात दोनतीन दात, हातात पिशवी. बाबांना त्यांनी धरलं आणि सोडलंच नाही. बाबांच्या केसांवरून, कानांवरून हात फिरवत राहिले. "कान बापाचं हायत," म्हणाले. बाबा साठीचे झाले होते. त्यांच्या कानांना कुणी बापाचे कान म्हणतंय हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार.

घर अजून रिकामं होतं. आम्ही सतरंजी अंथरली. आईने सकाळीच सगळे देव चिंच लावून धुतले होते आणि खिडकीखाली स्टीलच्या परातीत फडक्यावर वाळत ठेवले होते. वर ऊन होतं. परात एखाद्या तळ्यासारखी चमकत होती आणि छतावर तिचे कवडसे हलत होते. मी आणि आई चहा करायला आत गेलो. बाबा तात्यांजवळ बसले. सगळं इतकं शांत होतं की गॅसचा आवाजही मोठा वाटत होता. आई माझ्या कानात म्हणाली, "लगेच विचारू नकोस. चहा होऊ दे त्यांचा."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. कट्.

मग पुन्हा, बारीक, कट् कट्.

तात्यांचा आवाज आला, "सूनबाई, सुपारी जरा वली हाय गं तुझी."

आई हातातलं गाळणं घेऊनच बाहेर धावली. मी तिच्या मागे. तात्या परातीशेजारी बसले होते, हातात अडकित्ता, गालात सुपारी. परातीच्या कडेला पाहुण्यासाठी सुपारी ठेवलीय असं त्यांना वाटलं होतं. बाबा भिंतीला टेकून कवडसे बघत होते, त्यांचं लक्षच नव्हतं. सतरंजीवर अर्धी सुपारी उताणी पडली होती. मी वाकून बघितलं. आत चेहरा नव्हता. तीच तपकिरी-पांढरी नक्षी, कुठल्याही सुपारीत असते तशी, आणि ती सुंदर होती.

"तात्या," आई म्हणाली, "तो आमचा देव होता."

तात्यांचं चघळणं थांबलं. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं, एकदा आईकडे. गाल फुगलेला तसाच.

"थुकू का गिळू?" त्यांनी तोंड न उघडता विचारलं.

 देवाला थुंकायचं कसं आणि गिळायचं तरी कसं! आधी बाबा हसले. मी बाबांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते सतरंजीवर आडवे झाले. मग आई. गाळण्यातून चहाची पत्ती फरशीवर टपकत होती आणि ती डोळे पुसत म्हणत होती, "गिळा तात्या, गिळा. प्रसाद म्हणा आणि गिळा."

तात्यांनी गिळलं. वर पाणी प्यायले. मग कान पकडून परातीला नमस्कार केला.

आता विचारायला हरकत नव्हती. मी विचारलं. "तात्या, आमचं कुलदैवत कोणतं?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोरी, खरं सांगू का? आर्धी भावकी जोतिबाला जाती, आर्धी खंडोबाला. लई जुनं भांडान हाय. आमचं घर जोतिबाचं. तुझा आजा धाकट्या अंगाचा. त्यो कुणीकडं जायचा त्ये मला न्हाय सांगता यायचं. मी गुरं राखायचो तवा. दोन्हीकडं गुलाल न् भंडारा, पिवळं न् लाल."

"पण घरात काय होतं? टाक?"

"टाक थोरल्यांकडं असत्यात. धाकट्याच्या घरात कुठलं टाक?" ते बाबांकडे वळले. "तुमी ठरवा की. आता तुमचं घर, तुमीच थोरलं."

खोलीतला हसण्याचा आवाज कुठल्या कुठे गेला. एवढा शोध, एवढी वर्षं, आणि शेवटी 'तुमी ठरवा'. मी मनातल्या मनात जोतिबा आणि खंडोबा तोलायला लागले. पण आईचा चेहरा बघितला आणि थांबले. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, लांबची पाण्याची रेघ पिवळी झाली होती. तिचा हात गजावर होता, तसाच, चिमट्यात खडा धरून थांबायचा तसा. मला कळलं की ती आत्ता इथे नाही. कुठे आहे तेही कळलं.

बाबा उठून तिच्याजवळ गेले. माझे बाबा फार बोलणारे नाहीत. ते म्हणाले, "तुझी तीच ठेव ना. सोमजाई."

आई वळली. "असं कुठे असतं का? ती माझ्या माहेरची."

"मग काय झालं? माझ्याकडे कुणी नव्हतं. तू आणशील ती आपली."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्तापर्यंत काय म्हणत होते?" बाबा म्हणाले.

आईने तात्यांकडे बघितलं. ह्या घराण्याचं म्हणून जे काही तिला दिसलं होतं, ते तेवढंच होतं. तात्या नखाने दातातला सुपारीचा कण काढत होते. "ठेव की सूनबाई," ते म्हणाले. "म्यां तर आदलीला खाऊनच टाकलंय."

बाकीची निवड आईने संध्याकाळच्या आत संपवली, आणि आम्हाला कुणाला विचारलं नाही. मधोमध सोमजाई. मूर्ती नव्हती, म्हणून पुन्हा सुपारीच, नवी. तिच्या एका बाजूला गणपती, एकच, सगळ्यांत जुना. दुसऱ्या बाजूला भैयाचा हनुमान, "त्याचा माणूस परत आला तर काय सांगू?" अंबाजी बेननी हक्काने परत नेली, "मेरी ही तो थी, सँभालने को दी थी।" लक्ष्मी पिठाच्या डब्यावर राहिली, तिला तिथली सवय होती. बाकीचे देव, फाटक्या तसबिरी आणि उरलेली अर्धी सुपारी बाबा आणि मी मुर्ध्याला घेऊन गेलो. मिठागरं आता थोडीच उरली आहेत, कडेने इमारती उभ्या राहतायत. पण पाणी होतं, आणि बगळे होते. अर्धी सुपारी लगेच बुडाली. बाबा म्हणाले, "पोचली."

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. गुरुजींनी संकल्पाला सुरुवात केली. "गोत्र?"

"काश्यप," बाबा म्हणाले.

"कुलदैवत?"

मामी पहिल्या रांगेत होती. ती पुढे झुकली. बाबांनी आईकडे बघितलं.

"सोमजाई," आई म्हणाली. स्पष्ट, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

गुरुजी पुढे निघूनही गेले. पण मामीला राहवेना. "अहो वन्सं, सोमजाई तर आमची!"

"वहिनी," आई म्हणाली, पाटावर बसल्या बसल्या, अगदी मायेने, "तुम्हाला ती लग्न करून आल्यावर मिळाली. मी तिच्या पायरीवर मोठी झाले."

मामा आधी हसला. मग सगळेच हसले, आणि शेवटी मामीही. म्हणाली, "बरं बाई, मोठी जाऊबाई म्हणून मान तुमचा," आणि नणंदेला जाऊबाई म्हणून बसल्याने गोंधळून पदर तोंडाला लावला.

पूजा संपल्यावर आईने नारळ घेतला. दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, आणि गाऱ्हाणं घातलं. अख्खं, लहानपणी ऐकलेलं, एक शब्द न विसरता. सोमजाईला सांगितलं की आम्ही कुठून आलो, कोण कोण गेलं, पोरगी शिकली, घर झालं. तात्यांना बरं ठेव, त्यांनी चुकून केलं, हेही सांगितलं. ती बोलत होती तेव्हा मला त्या पायरीची गार ओल तळव्यांना जाणवली, अकराव्या मजल्यावर, नव्या टाइल्सवर.

आता मला कुणी कुलदैवत विचारलं की मी सोमजाई सांगते. पुढे माझं लग्न झालं तरी तेच सांगणार आहे, हे मी घरी सांगून ठेवलंय.

आमचं स्वतःचं घर आहे. त्यात देव्हारा आहे. मधला देव आईने निवडलाय आणि नारळ त्याच्या नावाने फुटतो.